दानम्मांचं ऊन

देगलूरला लेकीच्या ओटीभरणात, सगळ्या आळीच्या बायकांच्या देखत, दानम्मा सतरंजीवर बसल्या त्या उठेनात. ओटी भरून झाली, लेकीनं वाकून नमस्कार केला, बायका ताटं वाढायला उठल्या. दानम्मांनी एक हात जमिनीला टेकला, दुसरा गुडघ्यावर ठेवला, जोर लावला आणि होत्या तिथंच राहिल्या. मांड्यांत जीव नव्हता, कमरेत कळ होती. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच. शेवटी दोघींनी दोन बगलांत हात घालून त्यांना ओढून उभं केलं. त्या ओढाताणीत कुंकवाचा करंडा कलंडला आणि सगळ्या जणी आधी करंड्याकडे आणि मग दानम्मांकडे बघायला लागल्या.

"असू द्या, विहीणबाई," शिवगंगाबाई म्हणाल्या. शिवगंगाबाई म्हणजे लेकीची सासू. आवाज गूळ घातल्यासारखा, आणि पार ओसरीवरच्या पुरुषांना ऐकू जाईल एवढा. "तुमाला कशाला तरास. नंदाचं बाळंतपण आता हितंच करूत. एका माणसाला उठवायला दोन बाया लागलाल्या, तितं बाळाला कोन उचलावं?"

ज्यांच्या पोटी लेक आहे त्यांना हे बोलणं किती झोंबतं ते सांगायला नको. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. लेकीला तेल लावायचं, शेक द्यायचा, खारका-डिंक खाऊ घालायचा, आणि पाटावर पाय पसरून बाळाला त्या पायांवर अंघोळ घालायची, हा आईचा मान. तो सासूनं काढून घेतला म्हणजे चारचौघांत आईचं नाक कापलं. दानम्मा मूळच्याच तापट. त्या ताटावर बसल्या, पण एकाही पदार्थाला हात लावला नाही. परतीच्या एसटीत नवरा शेजारी होता, त्याचं नाव महादेवप्पा, कापडदुकानदार, स्वभावानं गरीब. त्याला देगलूर ते घर एवढ्या वाटेत तीन पिढ्यांचा उद्धार ऐकावा लागला. त्यात एक पिढी त्याची स्वतःची होती.

दुसऱ्या दिवशी दानम्मा दवाखान्यात जाऊन बसल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भिणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी रक्त तपासलं, मांडीचं हाड दाबून पाहिलं, खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं. दानम्मांना उठता आलं नाही.

"ड जीवनसत्त्व फार कमी झालंय तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही. हाडं मऊ पडतात, दुखतात, मांड्यांतला जोर जातो. तुमचं तेच झालंय."

"कशानं व्हतंय असं?"

"तुमच्या बाबतीत ऊन न मिळाल्यानं."

दानम्मांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. भांडायचं असलं की त्या आधी हात मोकळे करत.

"बाई, तळं आटलं. बोअर आटले. जनावरं छावणीत नेऊन बांधली. नळाला महिन्यातनं एकदा पानी येतंय. हे समदं कशानं झालं? उन्हानं. आन् तुमी मला म्हणलालाव, ऊन कमी पडलं."

"गावाला ऊन भरपूर आहे हो. तुम्ही कधी बसलात त्यात शेवटचं?"

दानम्मा बोटांवर वर्षं मोजायला लागल्या. ज्या वर्षी पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीच्या जानेवारीतली ही गोष्ट. मुलांच्या शाळेपायी खेडं सोडून दानम्मांना तालुक्याच्या गावी येऊन तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती. खेड्यात त्या खुरपायला जात, वाळवणं घालत, शेणी थापत. इथं तीन मजली माडीच्या तळाला दोन खोल्या, भरदुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाही. त्यात दुकान चांगलं चालायला लागल्यापासून महादेवप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगत असे, आमच्या घरातली बाई उन्हात जात नाही. दानम्मांना हे सगळं एकदम आठवलं आणि नवऱ्याचा असा राग आला की तो समोर नव्हता हे त्याचं नशीब.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. आठवड्याला एक पुडी दुधातून, रोज गोळी, खुर्चीवरून हळूहळू उठबस, आणि सकाळी अकरानंतरचं ऊन, अर्धा तास, कोपरापर्यंत हात आणि मान उघडी ठेवून. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, मांडवाखालचंही चालत नाही. पुड्या मनानं वाढवायच्या नाहीत आणि चुकवायच्याही नाहीत.

"एप्रिलात बाळंतपण हाय लेकीचं," दानम्मा म्हणाल्या. "बाळ पायावर घिता यील का मला?"

"सांगितलेलं सगळं केलंत तर का नाही?"

घरी आल्या आल्या दानम्मांनी महादेवप्पाला समोर बसवलं. "ह्यातलं एक अक्षर बाहीर गेलं न्हाई पाह्यजे. त्या शिवगंगाबाईच्या कानावर गेलं तर तिच्या हातात कोलीतच. म्हणंल, हाडं मऊ झालेल्या बाईकडं सून पाठवू का? घ्या बसवण्णाची शपथ."

महादेवप्पानं शपथ घेतली. कापडदुकानदाराला गप्प बसायची शपथ म्हणजे काय, हे ज्यानं कधी साडी घेतली असेल त्याला कळेल. पण बिचाऱ्यानं ती पाळली, आणि पुढचा निम्मा घोळ त्यानंच झाला.

आता औषध तर घरात आलं. ऊन कुठून आणायचं? माडीला गच्ची होती, पण गच्चीच्या दाराला मालकानं हे भलंमोठं कुलूप घातलेलं. दुष्काळात पाण्याच्या टाकीला माणसं दागिन्यासारखं जपत होती.

"मालक, किल्ली द्या. अर्धा तास वर बसून येते," दानम्मा म्हणाल्या.

"वर काय हाय?"

"ऊन हाय."

मालकानं त्यांना खालून वर न्याहाळलं. "आज ऊन न्यायला येलालाव, उद्या घागर घिऊन येताव. न्हाई जमायचं."

"तुमच्या टाकीत थुंकायला बी येणार न्हाई मी," असं म्हणून दानम्मा परत फिरल्या. जिन्याच्या चार पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं लागलं. त्याचाही राग त्यांनी मालकाच्याच खात्यावर टाकला.

गल्लीत ऊन यायचं ते जेमतेम दोन हात रुंद, आणि तेवढ्या जागेत टँकरची वाट बघणारी पिंपं मांडलेली. बाजारात पत्र्याची छपरं. शाळेच्या मैदानावर चेंडूफळी. सगळ्या गावात निवांत, मोकळं, कुणाच्या बापाचं नाही असं ऊन एकाच ठिकाणी होतं. तहसील कचेरीपुढच्या पटांगणात. दानम्मा तिथं गेल्या, कडेला बसायची पट्टी अंथरली, बाह्या वर केल्या, उन्हाकडे पाठ करून बसल्या. कित्येक वर्षांनी पाठीला ऊन लागलं. कुणीतरी मायेनं शेक द्यावा तसं वाटलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याचाही त्यांना राग आला.

त्याच पटांगणात 'जिल्हा झालाच पाहिजे कृती समिती'चा मंडप होता. गावाचं नाव मी सांगत नाही. समितीची माणसं धडधाकट आहेत आणि त्यांना घर माहीत आहे. पण त्या काळात मराठवाड्यात ज्या ज्या गावाला एसटी स्टँड होतं त्या त्या गावाला जिल्हा व्हायचं होतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. मंडपात साखळी उपोषण चालू होतं. म्हणजे रोज एकानं दिवसभर उपाशी बसायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं. समितीचे अध्यक्ष शिवमूर्ती. यांचं खताचं दुकान, आणि पाऊसच नाही तर खत कोण नेतो, म्हणून हे अष्टौप्रहर आंदोलनाला मोकळे. दानम्मा पहिल्यांदा बसल्या त्या दिवशीचा उपोषणकर्ता मंडपात गार सावलीला घोरत होता.

तेवढ्यात व्यंकट आला. व्यंकट स्थानिक वार्ताहर, त्याला रोज काहीतरी छापून आणावं लागे. त्यानं एक फोटो काढला: मागं मंडपात झोपलेला पुरुष, पुढं उन्हात ताठ बसलेली बाई. सकाळी पेपरात मथळा आला, 'नेते सावलीत, माउली उन्हात'.

शिवमूर्तीला तो मथळा फार लागला. तो दुसऱ्या दिवशी हात जोडून आला. "अव्वा, आमची चूक झाली. तुमी आंदोलनाला बसलाव आन् आमाला पत्ता न्हाई. चला आत, सावलीत."

"मी कशाला बी बसले न्हाई. मला आत यायचं न्हाई."

"मग उन्हात कशापायी बसलाव?"

दानम्मांच्या जिभेवर खरं आलं होतं. पण शिवमूर्तीची बहीण देगलूरलाच दिलेली, आणि तीसुद्धा शिवगंगाबाईंच्या आळीत. दानम्मांनी दात आवळले. "बसले. माझी मर्जी. तुमी तुमचं काम करा."

शिवमूर्तीनं बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं की अव्वाचा निर्धार लई कडक आहे, सावलीसुद्धा नको म्हणतात. मग तो सरळ महादेवप्पाच्या दुकानात गेला. "आप्पा, अव्वा कशासाठी बसलालेत?"

महादेवप्पा घामाघूम झाला. "ते मला सांगता येत न्हाई. बसवण्णाची शपथ हाय."

झालं. शपथ घेऊन बसलेली बाई म्हणजे साधी बाई नव्हे. दुपारपर्यंत गावभर झालं, आणि दुसऱ्या दिवशी दानम्मा पटांगणात पोचल्या तर त्यांच्या बसायच्या जागेवर मंडपाचं कापड वाढवलेलं. खाली सतरंजी, वर लाल-पिवळा कनातीचा तुकडा, आणि शिवमूर्ती अभिमानानं उभा.

"हे काय केलंव?"

"तुमच्यासाठी केलंय, अव्वा. एवढ्या वयाची बाई उन्हात बसती, आमी काय माणसं न्हाईत का?"

दानम्मांनी आपली पट्टी उचलली आणि मंडपाच्या बाहेर, कडुनिंबापलीकडे जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी मंडप कडुनिंबापलीकडे गेला. त्या झेंड्याच्या खांबापाशी गेल्या, मंडप खांबापाशी आला. रामकिशन मंडपवाल्याला तर निमित्तच हवं होतं. दुष्काळानं लग्नं पुढं ढकललेली, कापड घरात पडून कुजत होतं. दानम्मा अर्धा तास ऊन खायला जायच्या आणि रोज त्यातला निम्मा वेळ सावलीच्या माणसांशी भांडण्यात जायचा. "काढा तो मांडव," त्या ओरडायच्या, आणि लोक म्हणायचे, बघा, एवढा मान देऊनही बाईला हव्यास नाही. गल्लीतल्या बायका येऊन हार घालू लागल्या. झेंडूचे हार गळाभर, म्हणजे मान होती उघडी तीही झाकली गेली. दानम्मा हार काढून बाजूला ठेवायच्या आणि व्यंकट लिहायचा, 'सत्काराला नम्र नकार'.

एक मात्र होत होतं. पुड्या पोटात जात होत्या, खुर्चीवरची उठबस चालू होती, आणि भांडून भांडून का होईना, रोज थोडं ऊन अंगाला लागत होतं. रात्रीचं कूस बदलताना कमरेतली कळ कमी झाली होती. फेब्रुवारी निम्मा झाला तेव्हा दानम्मा माडीच्या चार पायऱ्या कठडा न धरता उतरल्या आणि मालकाकडे बघून मुद्दाम पुन्हा चढल्या.

पण मंडप आता कचेरीच्या फाटकाला टेकला होता. साहेबांची जीप बाहेर रस्त्यावर उभी करावी लागे. सगळ्या पटांगणात ऊन म्हणून उरलं ते कचेरीच्या पायऱ्यांवर. दानम्मा काय करतील? जाऊन पायरीवर बसल्या. पटांगणात बसणं वेगळं आणि कचेरीच्या पायरीवर बसणं वेगळं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आतले कारकून खिडकीतून बघायला लागले. साहेबांनी वर फोन केला. व्यंकटनं छापलं, 'आंदोलन थेट पायरीवर, प्रशासन हादरलं'. शिवमूर्तीला वाटलं, हीच वेळ आहे.

त्या संध्याकाळी दानम्मा चुलीपाशी बसून भाकरीचा तुकडा ठेच्याला लावत होत्या. महादेवप्पाच्या ताटात तिसरी भाकरी होती. गल्लीतून ऑटोरिक्षा आला, त्यावर भोंगा.

"नागरिकांनो, आपल्या जिल्ह्यासाठी दानम्मा अव्वांनी अन्नत्याग केला आहे. अव्वांच्या पोटात आज अन्नाचा कण नाही. उद्या हजारोंच्या संख्येनं उपस्थित राहा."

दोघांचे घास हातातच राहिले. ऑटो दारासमोरून गेला, वळणावर गेला, परत आला, कारण गल्ली पुढं बंद होती. सगळं पुन्हा एकदा ऐकावं लागलं.

"तुमी सांगितलंव का त्याला असं?" दानम्मांनी विचारलं.

"मी काईच सांगितलं न्हाई. तीच तर गोची झाली," महादेवप्पा म्हणाला, आणि ताट घेऊन आतल्या खोलीत गेला.

पुढचं सगळं देगलूरहून आलं. शिवमूर्तीच्या बहिणीनं आपलं काम चोख केलं होतं. सकाळी नंदाचा फोन, आवाज रडका. "अव्वा, तू उपाशी बसलीस म्हणं? कसला जिल्हा, कसलं काय. सासूबाई म्हणलालेत, जी बाई सोताच उपाशी मरलाली ती बाळंतिणीला काय खाऊ घालंल. आता माहेरचं नावच काढू नको म्हणतेत. आजच्या गाडीनं तुला तोंडावर सांगायला येलालेत."

"येऊ दे," दानम्मा म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला, चार भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी, चिरलेला कांदा आणि वाटीभर पिठलं डब्यात भरलं, आणि निघाल्या. चालताना पाय असे पडत होते की समोरून येणारी माणसं बाजूला होत होती.

मंडप खच्चून भरला होता. हजारो नव्हते, पण टँकर आला नव्हता त्यामुळे निम्म्या गल्लीला दुसरं काही काम नव्हतं. शिवमूर्ती माइकवर. "अव्वा आल्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज पाहा. अन्न नाही, पाणी नाही."

दानम्मा मधोमध सतरंजीवर बसल्या आणि डबा उघडला. पिठल्याचा वास पहिल्या रांगेत पोचला. त्या दिवशीचा साखळी उपोषणकर्ता पहिल्याच रांगेत होता, त्यानं मान फिरवली. दानम्मांनी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, वर कांदा घेतला आणि शांतपणे चावायला लागल्या. माइक चालू होता, त्यामुळे कांदा चावल्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

"अव्वा," शिवमूर्ती खाली वाकून कुजबुजला, "काय करलालाव हे? उपोषण मोडलं की."

"धरलं कवा व्हतं?" त्या म्हणाल्या. घास गिळला, आणि मग महिनाभर आवळलेले दात सुटले. "मी इचारलं व्हतं का तुमाला मांडव घाला म्हणून? हार मागितले व्हते का? तुमचा जिल्हा करा न्हाईतर तालुका बी मोडून खावा, मला काय त्याचं. माझी हाडं मऊ पडलीत. हाडं. डॉक्टरनं ऊन घे म्हणून सांगितलं, अर्धा तास, फुकटचं ऊन. गावात पानी न्हाई, काम न्हाई, नुसतं ऊन तेवढं हाय, तर तेवढं बी तुमी माझ्या अंगावर पडू दिलं न्हाई. जितं बसावं तितं सावली घिऊन माझ्या मागं. टँकरच्या मागं असं पळला असताव तर घरोघर पानी आलं असतं."

मागून कुणीतरी हसलं. शिवमूर्तीचा चेहरा पडला, मग लाल झाला. एवढ्या दिवसांची मेहनत बाईनं पिठल्याबरोबर खाल्ली होती. "असं हाय का," तो म्हणाला. "ज्या बाईला आंदोलनाची किंमत न्हाई तिला समितीची सावली न्हाई. रामकिशन, सोड रे ते कापड. बसू दे म्हणावं उन्हात."

रामकिशननं दोऱ्या सोडल्या. मंडपाचं कापड भसकन खाली आलं, बाजूला ओढलं गेलं, आणि दानम्मांच्या अंगावर अख्खं, मोकळं, अकरा वाजताचं ऊन पडलं. त्यांनी हुश्श केलं. मग डोळे उघडले तर समोर, फाटकापाशी, हातात पिशवी घेऊन शिवगंगाबाई उभ्या होत्या. त्या कधीपासून उभ्या होत्या ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

माणसं पांगली. माइक बंद झाला. शिवगंगाबाई पुढं आल्या, इकडंतिकडं पाहिलं. "खुर्ची न्हाई का?"

"उपोषणाला खुर्ची कुठली," दानम्मा म्हणाल्या.

शिवगंगाबाई कशाबशा सतरंजीवर टेकल्या आणि सुरू झाल्या. "म्हंजे हे असं हाय. लपवून ठिवलंव आमच्यापास्नं. हाडं मऊ पडलीत आन् बाळंतपण करायला निघालाव. उद्या बाळ हातातनं निसटलं तर? न्हाई, विहीणबाई, आता विषयच मिटला. नंदा तितंच ऱ्हाईल. मी हाय घरात खंबीर." आणि असं बरंच. दानम्मा ऐकत राहिल्या. बोलून बोलून दमल्यावर शिवगंगाबाईंनी पिशवी उचलली. "चलते. बाराची गाडी हाय."

त्यांनी एक हात जमिनीला टेकला, दुसरा गुडघ्यावर ठेवला आणि होत्या तिथंच राहिल्या.

पिशवी खाली ठेवली. कुशीवर वळून पाहिलं. दोन्ही हात टेकून पाहिलं. कपाळावर घाम आला. दानम्मांनी त्यातली एकेक हालचाल ओळखली.

"कवापास्नं व्हतंय असं?" त्यांनी विचारलं.

"कुटं काय. पायाला मुंग्या आल्यात."

"मांड्यांत जोर लागंना. कमरंत कळ. जिना चढताना हाताला आधार लागतोय."

शिवगंगाबाई अगदी हळू आवाजात, ज्यात गूळ नव्हता, म्हणाल्या, "दिवाळीपास्नं."

"डॉक्टरला दावलंव?"

"कशाला दावायचं? वयाचं हाय म्हणलं. पोराला सांगितलं तर सुनंच्या कानावर जातंय, आन् मंग घरात आपला मान काय ऱ्हातोय?" त्यांनी पदरानं घाम टिपला. "घरातलं मला काईच उचलंना गेलंय. टँकरचं पानी सुदीक नंदाच आणती. ती माहेरी आली तर तीन-चार महिने मी काय करावं, तुमीच सांगा."

दानम्मांना आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. "नंदा आणती? माझी पोरगी? आठव्या महिन्यात टँकरच्या घागरी उचलती?"

"लहान घागर हाय. कळशीच म्हणा."

दानम्मा उठल्या. हात न टेकता, गुडघ्याला न धरता, एका झटक्यात सरळ उभ्या राहिल्या. एवढ्या संतापल्या होत्या की आपण उठलो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं ते शिवगंगाबाईंच्या, कारण त्या खाली बसून वर बघत होत्या, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"अवो," दानम्मांनी कडुनिंबाआड लपलेल्या महादेवप्पाला हाक मारली. "जीप करा. आत्ताच्या आत्ता देगलूरला जावा आन् पोरीला घिऊन या. आन् जावयाला सांगा, आजपास्नं घागरी त्यानं उचलायच्या. हात दिलेत की देवानं त्याला."

महादेवप्पा पळालाच. दानम्मा परत सतरंजीवर बसल्या, विहिणीच्या शेजारी.

"आन् मी?" शिवगंगाबाई म्हणाल्या. "मला उठवा की. गाडी जाईल माझी."

"उठवते. पोरगी जीपमधनं उतरू द्या, मंग उठवते. उद्या दवाखान्यात बी नेते. आता काय घाई हाय?" त्यांनी उरलेली भाकरी मोडून अर्धी पुढं केली. शिवगंगाबाईंनी थोडा वेळ रागानं बघितलं आणि घेतली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

व्यंकट अजून गेला नव्हता. दिवसाची बातमी तर बुडाली होती. तो कॅमेरा सरसावत जवळ आला. "अव्वा, ह्या कोण?"

"देगलूरच्या हायत," दानम्मा म्हणाल्या. "आपल्या जिल्ह्याला पाठिंबा द्यायला बसल्यात. देगलूर बी आपल्यातच यायचं म्हणलालेत."

शिवगंगाबाईंच्या माहेरचे आणि सासरचे सगळे नांदेड जिल्ह्याचे कट्टर. त्यांनी घास तसाच तोंडात ठेवून पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला. दानम्मांनी हात पुढं केला, पदराचं टोक दोन बोटांत धरलं आणि तो मागं सारला.

"पदर काढा," त्या म्हणाल्या. "ऊन लागू द्या."